चंद्रावरचे भूमिपुत्र

शास्त्रज्ञाचा सत्कार करणं हे कोणत्याही सत्कार समितीपुढचं सर्वांत अवघड काम. पैलवानाचा सत्कार सोपा. त्यानं कुणाला चीतपट केलं हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. दहावीला पहिल्या आलेल्या मुलीचाही सोपा; टक्के सांगितले की टाळ्या. आमदारांचा सगळ्यांत सोपा, कारण त्यांचं कार्य त्यांच्याच माणसांनी आधी छापून आणलेलं असतं. शास्त्रज्ञाचं मात्र सांगायचं काय? सूत्रसंचालकाच्या हातातल्या कागदावर ‘सिलिकेट खनिजांची स्फटिकरचना’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो तिथे अडखळतो, पाणी पितो आणि ‘अशा विविध क्षेत्रांत सरांनी भरीव कार्य केलेलं आहे’ असं म्हणून सुटका करून घेतो. सत्कारमूर्ती मान खाली घालून बसलेले असतात. लोकांना तो विनय वाटतो.

हाच शास्त्रज्ञ अंतराळात जाऊन आला की गावाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. काय केलं सरांनी? वर गेले. मग? परत आले. पुरावा? हे काय, समोर बसलेत. एवढं सुटसुटीत कार्य दुसऱ्या कुठल्याच शाखेत होत नाही. ‘आकाशाला गवसणी घातली’ हे वाक्य आपण आजवर पतपेढीच्या अध्यक्षांपासून जिल्हास्तरीय खो-खो संघापर्यंत सगळ्यांना वापरलं. ते एकदाचं खऱ्या माणसाला लागू पडतं. गावानं पस्तीस वर्षं ज्याच्याकडे ‘अजून शिकतोच आहे’ म्हणून बघितलं, तो एका आठवड्यात ‘आपल्या मातीतला’ होतो.

या नियमाचं सर्वांत देखणं उदाहरण अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या सिल्व्हर सिटी या गावात सापडतं. गाव आडवळणाचं. चांदीसाठी वसलं, तांब्यावर जगलं. या गावाचा नामांकित माणूस बराच काळ कोण होता, तर बिली द किड. पुढे बंदूकबाज म्हणून गाजलेल्या या इसमानं उमेदवारीचा काळ इथे काढला. १८७५ साली कपड्यांच्या चोरीवरून त्याला इथल्या तुरुंगात टाकलं, तर तो धुराड्यातून वर चढून पसार झाला. म्हणजे गावातून वर जाण्याची परंपरा तशी जुनीच. इथेच वाढलेल्या हॅरिसन श्मिट यांनी ती जरा लांब, चंद्रापर्यंत नेली, इतकंच.

श्मिट यांचा जन्म १९३५ चा. वडील खाणींचे भूवैज्ञानिक, त्यामुळे घरात दगड आणले आणि कुणी ओरडलं नाही, असं भाग्य त्यांना लाभलं असणार. कॅलटेकमधून पदवी, मग ऑस्लो, मग नॉर्वेतल्या खडकांवर अभ्यास करून १९६४ साली हार्वर्डची डॉक्टरेट. इथपर्यंत नारळ फोडण्यासारखं काही घडलेलं नव्हतं. मुलगा तिशीला टेकला आणि अजून दगडच बघतोय, ही बातमी कुठल्याही गावात कौतुकापेक्षा काळजीनंच सांगितली जाते. पुढे तो फ्लॅगस्टाफला अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात लागला. तिथे काम काय? चंद्रावर कुणी गेलंच, तर त्यानं दगड कसे गोळा करावेत याची पद्धत बसवायची. स्थळ सांगून आलं असतं तर मुलीकडच्यांना हे समजावून सांगणं कठीण गेलं असतं.

१९६५ साली नासानं प्रथमच शास्त्रज्ञांमधून अंतराळवीर निवडले. सहा जण, त्यांत भूवैज्ञानिक एकटे श्मिट. तोवर हा सगळा कारभार वैमानिकांचा होता, आणि वैमानिकांना शास्त्रज्ञांबद्दल जे वाटतं ते साधारण बुलेटवाल्याला सायकलवाल्याबद्दल वाटतं तसंच असतं. नासापुढचा खरा प्रश्न असा होता की वैमानिकाला खडक शिकवणं सोपं की खडकवाल्याला विमान? सरकारी यंत्रणा अशा वेळी जे करते तेच नासानं केलं, दोन्ही केलं. श्मिट यांना वर्षभर हवाई दलाच्या शाळेत बसवून जेट विमान उडवायला शिकवलं, आणि त्यांनी वैमानिकांना डोंगरदऱ्यांत हिंडवून दगड ओळखायला शिकवले. मग विद्यार्थी एकामागून एक चंद्रावर जाऊ लागले आणि मास्तर ह्यूस्टनला बसून त्यांनी आणलेले दगड बघू लागले. शिक्षकी पेशात असलेल्यांना या परिस्थितीची वेगळी ओळख करून द्यायला नको.

शेवटी मास्तरांना तिकीट मिळालं तेही वशिल्यानं. फक्त वशिला शास्त्रज्ञांचा असल्यामुळे त्याला दबाव म्हणतात. अपोलो १८ ही चांद्रमोहीम १९७० मध्ये रद्द झाली आणि श्मिट यांची पाळी तिच्याबरोबर बुडायची वेळ आली. तेव्हा शास्त्रज्ञमंडळींनी आवाज उठवला. एवढा खर्च करून चंद्रावरून आणतो ते दगडच; मग दगड कळणारा एक तरी माणूस न्यावा की नाही? मुद्दा बिनतोड होता. अपोलो १७ मधून जो एंगल या वैमानिकाचं नाव काढून तिथे श्मिट यांचं घातलं. एंगल पुढे १९८१ मध्ये स्पेस शटलचे कमांडर होऊन अंतराळात गेले, पण चंद्र राहिला तो राहिलाच. चंद्रावर आजवर बारा माणसं चालली. अकरा जण विमानं उडवण्यात मुरलेले, बारावा भूवैज्ञानिक.

११ डिसेंबर १९७२ रोजी श्मिट आणि कमांडर जीन सर्नन चंद्राच्या टॉरस-लिट्रो दरीत उतरले. जन्मभर दगडांवर जीव लावलेल्या माणसाला अशा ठिकाणी सोडलं, जिथे दगडाशिवाय दुसरं काही नाही. साड्यांच्या दुकानात यजमान असे हरखलेले कधीच दिसत नाहीत. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर त्यांना चक्क नारिंगी माती दिसली. ते ओरडलेच. मी येऊन बघेपर्यंत हलवू नका, असं सर्नन म्हणाले. करड्या रंगाच्या त्या अफाट पसाऱ्यात नारिंगी पट्टा सापडल्याचं सांगणाऱ्या सहकाऱ्याबद्दल कुठल्याही कमांडरनं हीच सावधगिरी बाळगली असती. पण माती खरोखरच नारिंगी होती. साडेतीन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी चंद्रावर लाव्ह्याची कारंजी उडाली, त्यांतले काचेचे बारीक मणी म्हणजे ही माती. मेलेला समजला जाणारा चंद्र आतून एकेकाळी किती खदखदत होता, याची ती साक्ष. दोघांनी मिळून एकूण सुमारे ११० किलो दगडमाती आणली.

आता यातलं सत्काराच्या भाषणात काय येतं? काचेचे मणी येत नाहीत. श्मिट पडले ते येतं. अवजड पोशाखात दगड उचलताना ते तोल जाऊन अनेकदा आपटले, तेव्हा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून त्यांना कळवण्यात आलं की शहरातल्या बॅले संस्थेचे फोन येताहेत, पुढच्या मोसमासाठी तुम्हाला विचारताहेत. यानात परतल्यावर चंद्राच्या धुळीनं त्यांचं नाक चोंदलं. चंद्राची ॲलर्जी असलेला पहिला भूवैज्ञानिक म्हणून त्यांची नोंद झाली. आणि निघताना त्यांनी आपला हातोडा गरगर फिरवून दूर भिरकावला. लोकांना विचारलं, तर त्यांतल्या ज्यांना श्मिट आठवतात त्यांना पडणं, शिंकणं आणि फेकणं एवढंच आठवतं. संशोधनाकडे लोकांचं लक्ष वेधायचं तर अधूनमधून पडावं लागतं, हा धडा विद्यापीठांनी घ्यायला हरकत नाही.

परत आलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे मात्र नासाच्या कुठल्याही पुस्तिकेत नीट दिलेलं नाही. पहिले अंतराळवीर युरी गागारिन १९६१ मध्ये १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून आले. दोन दिवसांनी मॉस्कोत त्यांच्यासाठी लाल गालिचा अंथरला होता, आणि त्यावरून ताठ मानेनं चालताना त्यांच्या पायाशी काहीतरी लोंबत होतं. लोक म्हणतात बुटाची नाडी सुटली होती, जाणकार म्हणतात मोज्याचा पट्टा. काहीही असो, ज्याला रॉकेटवर बसताना कुणी घाबरलेलं पाहिलं नाही, त्याला त्या गालिच्यावर पाय अडकून पडण्याची धास्ती वाटली. सत्कार ही गोष्टच तशी आहे.

अपोलो ११ च्या तिघांचा हिशेब बघा. चंद्रावर जाऊन यायला त्यांना लागले आठ दिवस. परतल्यावर चंद्रावरचे जंतू पसरतील म्हणून त्यांना सुमारे अडीच आठवडे कोंडून ठेवलं. बाहेर पडताच न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस अशा तीन शहरांत एकाच दिवशी मिरवणुका आणि वर जेवण. मग जगाचा दौरा: चोवीस देश, अडतीस दिवस. त्यात ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईही होती, आणि गर्दी करण्यात मुंबई जगातल्या कुठल्याही शहराला हार गेली नाही. चंद्रासाठी आठ दिवस आणि सत्कारासाठी अडतीस. जंतूंची भीती घालून त्यांना कोंडून ठेवणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना आयुष्यातली शेवटची शांत झोप मिळवून दिली, असंच म्हणावं लागेल.

आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये जवळजवळ आठ दिवस अंतराळात राहून आले. पुढे १९८७ पासून काही वर्षं ते नाशिकला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मुख्य चाचणी वैमानिक होते, म्हणजे हक्कानं अभिमान बाळगायला नाशिककरही मोकळे आहेत. त्यांनीच मुलाखतींत सांगितलं आहे की वर देव भेटला का, असं लोक त्यांना विचारत. पुढे पुढे तर तरुण आया आपल्या पोरांना त्यांच्यापुढे उभं करून सांगू लागल्या, ‘हे अंकल चंद्रावर जाऊन आलेत!’ पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर गेलेल्या माणसाला आपण प्रेमापोटी पावणेचार लाख किलोमीटर नेऊन सोडलं. आपल्याकडे सत्कारात हात आखडता घेत नाहीत.

उलटही होतं. इस्रोच्या पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट या दोन शास्त्रज्ञांची अमेरिकेच्या स्पेस शटलमधून जाण्यासाठी निवड झाली होती. इन्सॅट-१सी उपग्रहाबरोबर एकानं जायचं, दुसऱ्यानं राखीव राहायचं. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला आणि बेत बारगळला. उपग्रह दोन वर्षांनी दुसऱ्या रॉकेटनं गेला, माणसं इथेच राहिली. शास्त्र तेवढंच, तयारी तेवढीच. पण वर गेले नाहीत म्हणून कुठल्या चौकाला नाव नाही. सत्कार समितीचा निकष किती कडक आहे ते यावरून कळतं.

शरीराच्या दृष्टीनंही सत्कार ही धोक्याची वेळ. वजनरहित अवस्थेत राहून आलेल्या माणसाच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा काही दिवस गोंधळलेली असते. आपले शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात अठरा दिवस राहून परतले, तेव्हा त्यांनी अंथरुणावर काम करता करता लॅपटॉप सहज बाजूला सरकवला. तो तरंगेल या भरवशावर. तो जमिनीवर पडला. अशा माणसाच्या हातात आपण कार्यक्रमात पहिल्यांदा काय देतो, तर नारळ. त्यांनी तो तरंगत ठेवायच्या हिशेबानं सोडला, तर शेजारी बसलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या पायाचं काय, हा विचार आयोजकांनी करायला हवा. शाल तेवढी सुरक्षित. ती कुठूनही सोडली तरी इजा होत नाही.

स्मृतिचिन्हांची कथा याहून पुढची. श्मिट आणि सर्नन यांनी चंद्रावरून निघण्यापूर्वी एक दगड जगातल्या तरुणांना अर्पण केला. पुढे त्याचे छोटे छोटे तुकडे करून, पारदर्शक गोळ्यात बसवून, लाकडी फळीवर त्या त्या देशाच्या चंद्रापर्यंत जाऊन आलेल्या छोट्या झेंड्यासकट १३५ देशांना आणि अमेरिकेतल्या राज्यांना देण्यात आले. याहून भारी स्मृतिचिन्ह मानवजातीत कुणी कुणाला दिलेलं नाही. मग त्यांचं काय झालं? जे स्मृतिचिन्हांचं होतं तेच. माल्टामधला तुकडा २००४ साली संग्रहालयातून चोरीला गेला. होंडुरासचा तुकडा अमेरिकेत पन्नास लाख डॉलरला विकायला निघाला आणि १९९८ मध्ये सरकारी माणसांनी खोटं गिऱ्हाईक होऊन तो पकडला. आयर्लंडला अपोलो ११ नंतर मिळालेला तुकडा वेधशाळेला आग लागल्यावर ढिगाऱ्याबरोबर कचरा डेपोत गेला. नेदरलँड्समध्ये तर १९६९ च्या त्या जगदौऱ्याच्या वेळी माजी पंतप्रधानांना मिळालेला ‘चंद्राचा दगड’ ॲमस्टरडॅमच्या प्रख्यात संग्रहालयात सांभाळून ठेवला होता. २००९ मध्ये तपासला तर ते अश्मीभूत लाकूड निघालं. आपल्याकडे वर्षानुवर्षं एकच शाल गावातल्या सगळ्या सत्कारमूर्तींच्या खांद्यांवरून फिरते याची आता कुणी लाज बाळगू नये. निदान ती शालच असते.

सिल्व्हर सिटीनं श्मिट यांचा सत्कार आपल्या परीनं नीट केला. तिथे एका प्राथमिक शाळेला त्यांचं नाव आहे. चौकाला नाव देण्यापेक्षा हे बरं. चौकात लोक फक्त वळतात. मोठा सत्कार राज्यानं केला. १९७६ मध्ये श्मिट विद्यमान सेनेटरला हरवून सेनेटमध्ये निवडून गेले. तिथे एका ठरावीक बाकाच्या खणात सगळ्या सदस्यांसाठी गोळ्या-चॉकलेटं ठेवायची प्रथा आहे. ते बाक त्यांच्याकडे आलं. चंद्रावरून नारिंगी माती आणणारा माणूस देशाच्या वरिष्ठ सभागृहात मान्यवरांना गोळ्या वाटू लागला. शास्त्रज्ञ राजकारणात गेल्यावर त्याचा इतका नेमका उपयोग क्वचितच होतो.

आणि १९८२ साली हिशेब आला. समोरच्या उमेदवारानं, जेफ बिंगमन यांनी, एकच प्रश्न विचारला. चंद्राचं ठीक आहे, पण या पृथ्वीवर त्यांनी अलीकडे तुमच्यासाठी काय केलं? याला उत्तर नव्हतं. चंद्रावर गेलात, पण आमच्या गल्लीत कधी आलात, हा मतदाराचा सवाल न्यू मेक्सिकोत आणि नगरपालिकेच्या प्रभाग क्रमांक सातमध्ये सारखाच असतो. श्मिट हरले. ज्या उंचीवरून ते आले होते त्या उंचीवरच्या माणसाला लोक वर्षभर खांद्यावर घेतात, पाच वर्षं त्याच्या नावाचं कौतुक करतात आणि दहाव्या वर्षी त्याला विचारतात, नळाला पाणी कधी येणार? लोकांचंही चुकत नाही. सत्कार करताना आपण वर जाण्याचा केला, दगड वाचण्याचा केलाच नाही. वर जाण्याचं कौतुक खाली उतरल्यावर किती दिवस टिकणार?

त्यांच्या जन्मगावाचा मामला तर फारच वेगळा. श्मिट वाढले सिल्व्हर सिटीत, पण जन्मले तिथून जवळच्या सांता रीटा या खाणगावात, आणि हे गाव आता नाही. नाही म्हणजे ओस पडलं असं नव्हे. जागाच उरलेली नाही. तांब्याची उघडी खाण रुंदावत गेली, गाव तिच्या काठाकाठानं सरकत राहिलं आणि शेवटी खाणीनं ते पुरतं गिळलं. जिथे घरं, शाळा, रस्ते होते तिथे आज शेकडो फूट खोल आणि मैलाहून रुंद खड्डा आहे. विचार करा, त्या गावच्या जन्मस्थान स्मारक समितीनं काय करावं? भूमिपूजनाला भूमी नाही. कोनशिला बसवली तर ती हवेत राहायला हवी. पुतळा उभा करायचा तर तो तरंगता हवा, आणि तशी निविदा कुठल्याही ठेकेदारानं आजवर भरलेली नाही. भरली असती तरी पहिल्या पावसाळ्यात पुतळा खाली आला असता.

पण सांता रीटाचे लोक आपल्याहून हुशार निघाले. त्यांनी समिती वगैरे केली नाही. आपण जिथे जन्मलो त्या जागी आज नुसती पोकळी आहे, हे बघून त्यांनी ‘अंतराळात जन्मलेल्यांचा संघ’ काढला. सभासदत्वाची अट एकच, जन्म सांता रीटाचा हवा. आता या संघात श्मिट यांना काय म्हणून ओवाळायचं? त्यांनी हार्वर्डपर्यंत शिकून, जेट विमान शिकून, सात वर्षं वाट बघून आणि तीन दिवस प्रवास करून जे गाठलं, तिथे बाकीचे सभासद पाळण्यात असतानाच पोहोचलेले. गावातल्या सुइणीनं तर कित्येकांना तिथे पोहोचवलं. अशा मंडळींत चंद्राच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही, शाल घालण्यात तर मुळीच नाही. तिथे बसायचं तर खाणीतल्या तांब्याच्या खडकाबद्दल बोलावं. ते ऐकून घेणारी, आणि दोन चुका काढणारी माणसं जगात दुसरीकडे कुठल्याही सत्कार समारंभात भेटणार नाहीत.